किड्याचं घराणं

लोकर रंगवण्याच्या त्या कारखान्यात मास्तरांना अडतीस वर्षं झाली होती. त्यांनी कधी शाळेत शिकवलं नव्हतं आणि स्वतः शिकले तेही जेमतेम सातवीपर्यंत. पण रंग जुळवणाऱ्याला मास्तर म्हणायचं अशी त्या धंद्यातली रीत, म्हणून मास्तर. गिऱ्हाईक हातावर एखादी विटकी चिंधी ठेवून ‘अगदी असाच पाहिजे’ म्हणायचं. मास्तर ती चिंधी घेऊन उत्तरेच्या खिडकीपाशी जायचे, एक डोळा बारीक करायचे, आणि चिमूटभर हे नि मूठभर ते सांगून मोकळे व्हायचे. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्याला ते माणसात धरत नसत. ओल्या लोकरीवर विश्वास ठेवणाऱ्याला तर नाहीच नाही, कारण ओली लोकर एक छटा गडद दिसते आणि वाळली की माणसाला तोंडघशी पाडते.

हात मनगटापर्यंत कायम रंगलेले. संध्याकाळी दार उघडताना बायको चेहऱ्याकडे बघायच्या आधी बोटांकडे बघायची. बोटं निळी असली तर ताटाला हात लावण्याआधी दोनदा साबण, लाल असली तर तीनदा, असा घरचा कायदा होता. मास्तर कायदा पाळायचे, पण कुरकुरत.

कारखान्यातल्या रंगांची नावं ऐकलीत तर हसाल. धुरकट करड्याचं नाव ‘भिजलं मांजर’. जांभळट निळ्याचं ‘मुका मार’. फिकट पिवळ्याचं ‘दुखरा दात’. एक निळा धुतला की शेजारच्या रंगात पळायचा, त्याचं नाव ‘पळपुटा’. ही सगळी नावं एका जाडजूड वहीत होती. प्रत्येक पानावर लोकरीचा एक झुपका चिकटवलेला, शेजारी नाव, खाली कृती. वही आधी मास्तरांच्या वस्तादांची, त्याआधी वस्तादांच्या वस्तादांची. तिच्या पहिल्याच पानावर एक लाल झुपका होता, गडद, थोडा निळ्याकडे झुकणारा, डोळ्याला धरून ठेवणारा. कारखान्याचं नाव झालं ते या लाल रंगावर. आणि त्या राजबिंड्या रंगाचं नाव काय, तर ‘किडा’.

वस्ताद थकले, काठी टेकत टेकत शेवटचे कारखान्यात आले, तेव्हा त्यांनी वही मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाले, बाकीची नावं हवी तशी बदल, पण पहिल्या पानाचा किडा तेवढा राहू दे. मास्तर तेव्हा जवान होते, त्यांना हसू आलं. त्यांनी विचारलं, का म्हणून? वस्ताद म्हणाले, कारण मला माहीत नाही, माझ्या वस्तादांनी मला सांगितलं नाही, पण त्यांनी शब्द घेतला होता, तसा मी तुझ्याकडून घेतोय. मास्तरांनी शब्द दिला. पुढे महिनाभरात वस्ताद गेले.

आता शब्द द्यायला काय जातं, पाळायची वेळ येते तेव्हा कळतं. इतकी वर्षं मास्तरांनी तो पाळला, पण मनातून लाजत पाळला. सोयऱ्याधायऱ्यांत कुणी विचारलं, तुमचा तो प्रसिद्ध लाल कोणता हो, तर ‘आहे एक’ म्हणून वेळ मारून न्यायचे. वस्ताद माणूस सोन्यासारखा, पण नाव ठेवायला जरा अडाणीच, असं त्यांना वाटायचं.

मग थोरले मालक घरी बसले आणि त्यांची मुलगी खुर्चीवर आली. धाकटी मालकीणबाई हुशार, कामाला वाघीण, आणि स्वभावानं साफ. तिनं आल्या आल्या ठरवलं की रंगांचं एक छापील कार्ड काढायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला घरबसल्या रंग निवडता येतील. मास्तरांना कल्पना आवडली. ‘भिजलं मांजर’ जाऊन तिथे दुसरं काही आलं, ‘दुखरा दात’ गेला, तेव्हाही मास्तर काही बोलले नाहीत. सोमवारी मात्र तिनं पहिल्या पानावर बोट ठेवलं.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मास्तरांनाही कबूल होतं. लोकरीच्या धंद्यात किडा हा शब्द म्हणजे अपशकुन. मागच्याच आठवड्यात एक मोठं गिऱ्हाईक पावतीवर ‘किडा’ वाचून उठून उभं राहिलं होतं, मालाला कीड लागलीय का म्हणून. कार्डाचा आराखडा करणाऱ्या बाईनं इंग्रजी नाव सुचवलं होतं: क्रिमसन. शनिवारी सकाळी कार्ड छापायला जाणार होतं.

मास्तर म्हणाले, ‘बाई, हे एक नाव सोडून बाकी सगळी बदला. मी शब्द दिलाय.’

‘कुणाला?’

‘वस्तादांना.’

तिनं विचारलं, नावामागे काही कारण आहे का. मास्तरांनी खरं ते सांगितलं, कारण कुणालाच माहीत नाही. मालकीणबाईनं पेन्सिल फिरवली. मग म्हणाली, शनिवारपर्यंत मला एक तरी कारण आणून द्या मास्तर, नुसत्या शब्दावर माल खपत नाही.

घरी येऊन मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. आपल्या हातून जाणारा रंग म्हणजे घरातली लेक, आणि हा क्रिमसन कोण कुठला, त्याच्या गळ्यात तिला बांधायची तर घराणं नको बघायला? बायको शांतपणे म्हणाली, ‘अहो, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.’ मास्तर म्हणाले, हा ऋषीही नाही आणि नदीही नाही, शब्द आहे, आणि त्याचं कूळ मी शोधणार. त्या रात्री त्यांनी तीनदा साबण लावायचा कायदा मोडला, यावरून बायकोनं ओळखलं की स्वारी आता ऐकायची नाही.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मास्तर आयुष्यात पहिल्यांदा सार्वजनिक वाचनालयात गेले. दारात त्यांनी हात खिशात घातले. लाल बोटं बघून पुस्तकाला हात लावू देणार नाहीत, अशी त्यांची समजूत. ग्रंथपालबाई उंच, चष्मा कपाळावर आणि आवाज खालच्या पट्टीत. मास्तरांनी मुद्दा सांगितला: एका इंग्रजी शब्दाची चौकशी करायची आहे, माणूस कसा आहे, कुठून आलाय, आईबाप कोण. ग्रंथपालबाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू वर्षानुवर्षं याच गिऱ्हाइकाची वाट बघत होत्या.

शब्दांच्या जन्माचा एक कोश होता, चांगला विटेएवढा जाड, आणि असे अनेक खंड. बाईंनी ‘सी’चा खंड उघडला आणि वाचत वाचत समजावून सांगितलं. इंग्रजीत आज क्रिमसन म्हणतात, पण काही शतकांपूर्वी त्याच इंग्रजीत क्रेमेसीन म्हणायचे. इंग्रजांचा तो स्वतःचा नव्हे, जुन्या स्पॅनिशमधून उचललेला. स्पॅनिश लोकांकडे तो अरबांकडून गेला. अरबीत शब्द किर्मिझ. आणि पुढे लिहिलं होतं: पाहा, ‘के’चा खंड.

‘मग बघू या की,’ मास्तर म्हणाले. उत्साहाच्या भरात हात खिशातून बाहेर आले होते, ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

‘के’चा खंड बांधणीला गेला होता. पुढच्या महिन्यात येणार होता.

मास्तर परत आले ते डोकं भणभणत. नवरा मुलगा इंग्रज म्हणून आला, त्याचा बाप स्पॅनिश निघाला, आजा अरब निघाला, आणि आज्याच्या दारात कुलूप. त्यांना विचार करायची एकच जागा ठाऊक होती, ती म्हणजे रंगाच्या हौदापाशी टांगलेला फळा. त्यांनी खडू घेतला आणि एकाखाली एक लिहिलं: क्रिमसन. क्रेमेसीन. किर्मिझ. मग एक प्रश्नचिन्ह काढलं, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, काही सुचेना, आणि घरी गेले.

आता इथे त्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. फळ्यावर मास्तर जे लिहितील ते औषध, म्हणजे रंगाचा जिन्नस. वरून खाली, ज्या क्रमानं लिहिलंय त्या क्रमानं हौदात जायचं. त्यावर प्रश्न विचारायचा नाही, कारण एकदा एकानं विचारत बसल्यामुळे अख्खी भट्टी करपली होती. हौदावरचा मुख्य माणूस पन्नाशीचा, दिवसभर वाफेत उभा राहून लालबुंद झालेला, म्हणून सगळे त्याला वाफ्या म्हणायचे. वाफ्या कामात एकदम चोख. बुधवारी सकाळी तो आला, फळा वाचला, कोठीत शोध घेतला. तिन्हींपैकी एकही जिन्नस कोठीत नाही. वजनं लिहिलेली नाहीत, म्हणजे मास्तर मागाहून सांगतील. त्यानं तिन्ही नावं चिठ्ठीवर उतरवली, प्रश्नचिन्हसुद्धा इमानेइतबारे उतरवलं, आणि चिठ्ठी रंगांच्या व्यापाऱ्याकडे पाठवून दिली: माल तातडीनं हवा, मास्तर खोळंबलेत.

मास्तरांना हे कळलं ते दुपारी, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि कपाळही लाल करून घेतलं. अरे बाबा, ते औषध नव्हतं, शब्द होते. वाफ्या म्हणाला, फळ्यावर शब्द कशाला लिहिता मग, उद्या कविता लिहाल आणि मी ती उकळवत बसेन.

पण गुरुवारी व्यापाऱ्याकडून पुडकं आलं. व्यापारी ऐंशीच्या घरातला म्हातारा. त्याच्या दुकानात इतक्या बरण्या होत्या की त्याला सगळे बरणीशेठ म्हणायचे. चिठ्ठीच्या मागे त्याचं थरथरतं अक्षर होतं. त्यानं लिहिलं होतं की पहिले दोन जिन्नस मी कधी ऐकले नाहीत. प्रश्नचिन्हाचा जिन्नस माझ्याकडे सध्या शिल्लक नाही. तिसरा मात्र माझ्या वडिलांच्या वेळेला यायचा, डब्यातली तयार रंगाची पूड निघाली तेव्हापासून बंद झाला, एक बरणी तेवढी आठवण म्हणून ठेवली होती. त्यानंतर तुम्हीच पहिल्यांदा मागितलात, म्हणून देतो. आणि शेवटी लिहिलं होतं, तुमच्या वस्तादांचे वस्ताद आमच्याकडूनच नेत असत.

पुडक्यात एक काचेची बरणी होती. वर पिवळ्या पडलेल्या कागदावर लिहिलेलं: किरमिज. आत मिऱ्यांहून लहान, सुरकुतलेले, काळपट दाणे. मास्तरांनी एक दाणा काढला, उत्तरेच्या खिडकीपाशी नेला, एक डोळा बारीक केला. दाण्याला वळ्या होत्या. तो दाणा नव्हताच. वाळलेला किडा होता.

त्यांनी तो तळहातावर घेतला, थेंबभर पाणी घातलं आणि अंगठ्यानं चिरडला. तळहातावर पहिल्या पानाचा लाल उमटला. अडतीस वर्षं जो रंग डोळ्यांत होता तो चुकायचा कसा? मास्तर तिथेच पोत्यावर बसले. वाफ्यानं विचारलं, काय झालं. मास्तरांनी नुसता हात पुढे केला.

तसेच उघड्या लाल हातानं ते वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंनी बरणीवरचं नाव वाचलं मात्र, त्या ताडकन उठल्या. किरमिजी रंग म्हणतो आपण, आजीच्या शालीचा, हे आधी कसं सुचलं नाही म्हणून त्यांनी स्वतःलाच दोन शब्द सुनावले. मराठी कोश काढला, मग संस्कृतचा काढला, आणि दोन्ही शेजारी शेजारी उघडे ठेवले. फारसी आणि अरबीच्याही मागे, सगळ्यांत जुनं म्हणून विद्वान ज्याच्याकडे बोट दाखवतात, तो शब्द होता कृमिज. कृमी म्हणजे किडा. कृमिज म्हणजे किड्यापासून झालेला.

म्हणजे हा क्रिमसन परका नव्हताच. आपल्याच घरून निघालेला, फारसीत राहिला, अरबांकडे व्यापार शिकला, स्पेनमध्ये कपडे बदलले आणि साहेब होऊन परत आला. आणि नाव विचारलं तर अजूनही किडाच सांगतो, फक्त कुणाला कळत नाही. मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांना वस्तादांची आठवण आली. ज्या माणसाला आपण अडाणी समजलो, त्यानं एवढा जुना शब्द कारण माहीत नसताना जपून हाती दिला होता. मास्तरांना स्वतःची फार लाज वाटली.

बायकोनं त्या रात्री एकच सल्ला दिला. आता गप्प बसायचं. बाईंना क्रिमसन छापू दे. नाव तेच, अर्थ तोच, शब्दही पाळला गेला. साप मेला आणि काठीही मोडली नाही. तोंड मात्र उघडायचं नाही.

सल्ला लाखमोलाचा होता. पण पोटात आनंद मावत नसलेल्या माणसाचं तोंड कुठवर बंद राहणार? शुक्रवारी सकाळी मालकीणबाई समोर आली आणि मास्तर सुरू झाले. स्पेन झालं, अरब झाले, आणि कृमीपाशी येऊन त्यांनी विजयानं बरणी टेबलावर ठेवली. मालकीणबाई खुर्चीसकट मागे सरकली. तिला झुरळ दिसलं तरी ती टेबलावर चढायची, आणि इथे बरणीभर.

तिनं बरणी लांब करायला सांगितली आणि मग शांतपणे म्हणाली, तर मग क्रिमसनही नको. गिऱ्हाइकांत शिकलेले लोक असतात, एखाद्याला अर्थ माहीत असायचा. आराखडेवाल्या बाईंनी आणखी दोन नावं सुचवली होती, कार्माइन आणि व्हर्मिलियन, त्यातलं एक घेऊ. मास्तर म्हणाले, व्हर्मिलियन पिवळ्याकडे झुकतो, हा निळ्याकडे झुकतो, आंधळ्यालाही कळेल. ती म्हणाली, नाव कोण घासून बघतंय.

मास्तरांनी आपल्याच हातानं धोंडा पायावर पाडून घेतला होता. घरी जायची सोय नव्हती, बायको काय म्हणेल ते पाठ होतं. कारखाना सुटल्यावर ते वाचनालयात गेले, ते कसली आशा होती म्हणून नव्हे. ज्या नावापुढे हरलो त्याचं तोंड तरी बघावं म्हणून. ग्रंथपालबाईंनी आधी कार्माइन पाहिला. तो तर क्रिमसनचा चुलतभाऊच निघाला, त्याच किर्मिझच्या घरातला. मग त्यांनी ‘व्ही’चा खंड काढला, बोट फिरवत फिरवत खाली आल्या, थांबल्या, आणि ‘कृपया शांतता राखा’ या पाटीखाली बसून मोठ्यानं हसल्या. वाचणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या.

‘काय झालं?’ मास्तरांनी विचारलं.

त्यांनी बोलण्याऐवजी कागद घेतला, सगळं नीट लिहिलं आणि खाली वाचनालयाचा शिक्का मारला. कागद वाचून मास्तरही हसले, आणि त्या रात्री बायकोलाही त्यांनी तो न घाबरता दाखवला.

शनिवारी सकाळी छापखान्याचा माणूस बाहेर बाकावर बसला होता. मास्तरांनी कागद मालकीणबाईपुढे ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले. तिनं वाचलं. व्हर्मिलियन, जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्याआधी लॅटिन, लॅटिनमधला मूळ शब्द व्हर्मिक्युलस. अर्थ: लहानसा किडा.

ती कागदाकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मास्तरांना वाटलं रडते की काय, पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

‘मास्तर,’ ती म्हणाली, ‘सगळ्या जगानं याला किडाच म्हटलंय, मग मीच एकटी कशाला लाजू? छापा किडा. आणि खाली दोन ओळींत त्याचं घराणं छापा, म्हणजे कुणी उठून उभं राहणार नाही.’

छापखान्याच्या माणसाला थांबवून ठेवून दोन ओळी लिहिल्या गेल्या. त्या लिहिताना तिनं सहज विचारलं, ‘तुमच्या वस्तादांना हे माहीत असतं तर?’

‘त्यांना सांगायला पाहिजे होतं हो,’ ते म्हणाले. ‘कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.’

मास्तरांनी वही काढली, पहिलं पान उघडलं. लाल झुपका, शेजारी ‘किडा’, खाली डब्यातल्या पुडीची कृती, आणि त्याखाली तीन पिढ्या कोरी राहिलेली जागा. त्यांनी लिहायला पेन उचललं. सातवीपर्यंतच्या अक्षरात काय काय लिहायचं, स्पेन लिहायचं की अरब, ते ठरेना. शेवटी त्यांनी पेन ठेवलं, बरणी उघडली आणि एक वाळलेला किडा बोटांच्या चिमटीत धरला. डिंकाची बाटली टेबलाच्या पलीकडे होती.

मालकीणबाईनं तोंड एका बाजूला वळवलं, डोळे गच्च मिटले, आणि डिंकाची बाटली पुढे करून धरली.